समारंभ उक्ता देता येतो, जबाबदारी नाही



व्याख्यानमालेत इतिहास, आरोग्य, शेती, संतवाङ्मय असे विषय शोभून दिसतात. त्या पंगतीत ‘व्यापारी समारंभांची उभारणी’ हे नाव वाचून काहींच्या मनात आले असेल की, यात व्याख्यान ते काय द्यायचे? मांडव घातला, कर्णा लावला, पंगत उठवली, झाला समारंभ! आम्ही मांडवाच्या धंद्यातली माणसे. हा समज किती महागात पडतो ते आम्ही जवळून पाहतो, म्हणून आज आपल्यापुढे उभे आहोत.

माणसे जमवण्याची विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. आपल्या गावचा शुक्रवारचा जनावरांचा बाजारच घ्या. जनावरे उतरवायची जागा वेगळी, बांधायची वेगळी. पाण्याची सोय, सौद्याची पावती, दलालाची रीत, सारे ठरलेले. वर्षानुवर्षांच्या सवयीने ती व्यवस्था चालते आणि म्हणूनच ती कुणाच्या नजरेत भरत नाही. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह पाहा. लाखांनी लोक येतात; भाकरी गावोगावच्या घरांतून येतात, आमटी जागेवर मोठमोठ्या कढयांतून शिजते. तिथे ठेकेदार एक नसतो; पण अमुक काम अमुक गावाचे, हे पक्के असते. काम बिघडले तर नाव गावाचे जाते. ही नावाची भीती हाच त्या व्यवस्थेचा कणा आहे.

आता काळ बदलला. बियाण्यांच्या कंपनीचा शेतकरी मेळावा असतो, ट्रॅक्टरवाल्याचे विक्रेता संमेलन असते, कारखान्याचा गळीत हंगामाचा शुभारंभ असतो, पतसंस्थेची वार्षिक सभा असते. व्यापाऱ्याला आपला धंदा सोडून खुंट्या ठोकत बसायला सवड नाही. तो सारे काम एकाच संस्थेकडे सोपवतो. हिला आजकाल ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ म्हणतात आणि ‘संपूर्ण सेवा’ असे तिच्या पत्रकावर छापलेले असते. या ‘संपूर्ण’ शब्दाच्या पोटात काय काय येते, ते पाहू.

पहिली गोष्ट हेतूची. समारंभ कशासाठी, हे यजमानाला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. पतसंस्थेच्या सभेचेच उदाहरण घेऊ. कायद्याने ती आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते. सभासदाने हिशेब ऐकावा आणि प्रश्न विचारावा, हा तिचा हेतू. पण ध्वनिक्षेपक सगळे व्यासपीठावर आणि सभासदांत एकही नाही, अशी मांडणी केली की काय होते? पुढच्या दोन रांगा ‘मंजूर, मंजूर’ ओरडतात आणि मागच्यांना जेवण कधी हेच तेवढे ऐकू येते. तिथे मांडव उत्तम असतो, भोजन उत्तम असते. सभा मात्र झालेली नसते.

दुसरी गोष्ट जागेची आणि परवानग्यांची. ग्रामपंचायत, पोलीस ठाणे, विजेची तात्पुरती जोडणी, हे कागद आधी जमवायचे असतात. कर्ण्याचा नियम तर सर्वांना ठाऊक हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. आपले गाव महामार्गावर आहे. तेव्हा गाड्या कुठे लावायच्या आणि म्हाताऱ्या माणसाने रस्ता कसा ओलांडायचा, हाही जागेचाच प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट मांडव, वीज आणि पाणी यांची. वैशाखातली वावटळ आणि वळवाचा पाऊस निमंत्रणपत्रिका वाचून येत नाहीत. दोर, खुंट्या आणि लोखंडी सांगाडा त्या दिवसाच्या हिशेबाने हवा. विजेच्या तारा पायाखालून जाऊ नयेत, जनरेटर मांडवाबाहेर असावा, अर्थिंग तपासलेले असावे. बाहेर पडायच्या वाटा किमान दोन आणि त्या उघड्या. नायलॉनचे कापड स्वस्त आणि झगमगीत खरे; पण पेटले की ते वितळून अंगावर ठिबकते.

पाणी आणि शौचकूप यांना पत्रिकेत स्थान नसते. पण पाहुणा घरी गेल्यावर आधी त्यांचीच कथा सांगतो. लंडनमध्ये १८५१ साली जे जगप्रसिद्ध औद्योगिक प्रदर्शन भरले, त्याला सुमारे साठ लाख लोक आले. जोसेफ पॅक्स्टनने उभारलेला काचेचा महाल सर्वांना आठवतो. त्याच प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या कारागिराने एक पेनी घेऊन स्वच्छ शौचकूप चालवले आणि आठ लाखांहून अधिक लोकांनी त्याला ती पेनी दिली, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. यजमानाची सभ्यता कमानीवरून नव्हे, अशा जागांवरून कळते.

चौथी गोष्ट शेवटाची. पाहुणे सुखरूप परतले, मैदान झाडले, उष्टे-खरकटे उचलले, मजुरांची मजुरी चुकती झाली आणि पै-पैचा हिशेब यजमानाच्या हाती आला, म्हणजे समारंभ संपला. आभारप्रदर्शनाने संपतो तो फक्त कार्यक्रम.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. इतके सारे काम एकाला उक्ते दिले, म्हणजे यजमान मोकळा झाला काय?

मेरठ शहरात २००६ साली एक व्यापारी प्रदर्शन भरले होते. घरगुती वापराच्या मालाचे. मोठाले बंदिस्त मांडव उभारले होते. १० एप्रिलला, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, आग लागली आणि ६५ माणसे गेली. खरेदीला आलेली, बायकामुलांसह आलेली माणसे. खटला वर्षानुवर्षे चालला. आयोजकांचे म्हणणे असे की, मांडव-विजेचे काम आम्ही कंत्राटदाराकडे दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हे म्हणणे मानले नाही. भरपाईचा साठ टक्के भार आयोजकांवर आणि चाळीस टक्के सरकारवर ठेवला. काम दुसऱ्याला देता येते. ज्याने लोकांना बोलावले त्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहते, हाच त्या निकालाचा व्यवहारी अर्थ.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर मोठा सरकारी सोहळा झाला. व्यासपीठावर छत होते. लाखो श्रोते मात्र भर उन्हात उघड्यावर बसले होते. उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. तो सोहळा व्यापारी नव्हता. पण धडा सर्व यजमानांना सारखाच. सावलीचा हिशेब व्यासपीठापासून नव्हे, शेवटच्या रांगेपासून करायचा असतो.

तेव्हा घोडेगावच्या दुकानदारांना, संस्थाचालकांना आमची विनंती एवढीच की, ठेका देण्याआधी भाव जरूर करा, पण त्याबरोबर चार प्रश्न विचारा. आग लागली तर माणसे कोणत्या वाटेने बाहेर पडतील? वीज कोण जोडणार आणि त्याच्याकडे परवाना आहे काय? एखाद्याला भोवळ आली तर त्याला कोण उचलणार आणि कुठे नेणार? आणि त्या दिवशी, पहिली खुंटी ठोकल्यापासून शेवटचा दिवा विझेपर्यंत, जागेवर उभा राहून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा एक माणूस कोण? या प्रश्नांना ज्याच्याकडे उत्तर नाही, तो दर कितीही कमी सांगो, त्याला परत पाठवा. आमच्या धंद्यातला माणूस असला तरी पाठवा.

समारंभात पाहुणा विश्वासाने येतो. तो तारा तपासत नाही, दोर ओढून पाहत नाही. आपले नाव पत्रिकेवर वाचून तो मुलाचे बोट धरून आत शिरतो. त्या विश्वासाचा ठेका कुणालाही देता येत नाही.