जपानी भिक्षूंचा डफ



जपानला जाऊन तेथील जुनी मंदिरे पाहावीत इतकी ऐपत युनियनच्या माणसाला कोठली! पण गोपुरीला गीताई मंदिराशेजारचा पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आपण बहुतेकांनी पाहिला आहे. चार दिशांना बुद्धाच्या चार मूर्ती आहेत. १९९३ साली तो पुरा झाला. लोक पोरेबाळे घेऊन जातात, हवा खातात, परत येतात. जपान्यांनी तो वर्ध्यातच का बांधला, हे फार थोडे विचारतात.

निचिदात्सु फूजी हे भिक्षू १९३१ साली भारतात आले आणि १९३३ साली वर्ध्यास गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथात हातातला डफ वाजवीत सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करतात. त्यांचा एक शिष्य सेवाग्रामला राहिला. आश्रमाच्या प्रार्थनेत हा मंत्र आला. १९४१च्या अखेरीस जपान युद्धात उतरला आणि पोलिसांनी त्या भिक्षूला नेले. माणूस गेला, मंत्र मात्र गांधीजींनी प्रार्थनेत ठेवला. ऐन युद्धात शत्रू ठरलेल्याची प्रार्थना रोज म्हणायची, याला छाती लागते. संपाच्या दिवसांत समोरच्याचा नमस्कार घेणेदेखील आम्हांला जड जाते!

आमचा एक बौद्ध सभासद मला म्हणाला, "दादा, बाबासाहेबांचा बुद्ध आणि हा डफवाल्यांचा बुद्ध एकच का हो?" प्रश्न रास्त होता. बाबासाहेबांनी बुद्ध बुद्धीच्या कसोटीवर घेतला. जपान्यांची वाट तेराव्या शतकातल्या निचिरेनची, सूत्रावरील श्रद्धेची. या दोन वाटा एक आहेत, असे मी म्हणणार नाही. पण त्याला मी सुनागावाची हकीकत सांगितली. टोकियोजवळच्या या गावी अमेरिकन विमानतळ वाढविण्यासाठी शेतजमीन घ्यायची होती. १९५६च्या ऑक्टोबरात मोजणी अडवायला शेतकरी, विद्यार्थी आणि कामगार युनियनवाले उभे राहिले. त्यांच्या रांगेत फूजींचे भिक्षू डफ वाजवीत होते. पोलिसांच्या लाठ्या त्यांनीही खाल्ल्या. मोजणी थांबली, विस्तार झाला नाही. आणि त्याच महिन्यात, १४ तारखेला, आपल्या नागपुरास दीक्षा झाली.

राजगीरच्या अशाच स्तूपाचे उद्घाटन १९६९ साली राष्ट्रपती गिरींनी केले, तेही मूळचे रेल्वे कामगारांचे पुढारी, हे जाता जाता सांगतो.

तो गडी ऐकून घेऊन म्हणाला, "लाठ्या खाल्ल्या म्हणता? मग जाऊन येऊ." पाळी सुटल्यावर आम्ही सातजण सायकली काढून गोपुरीला गेलो.