पोर्तुगालमधली छोटी वाडी

मध्य पोर्तुगालच्या डोंगराळ भागातली तरुण मंडळी शहरांत, परदेशांत गेली. त्यांच्या ओस पडलेल्या दगडी घरांत आता इंग्लंड, नेदरलँड्स, जर्मनीहून आलेली कुटुंबं संसार थाटतात. ऑलिव्हची थोडी झाडं, द्राक्षाचा मांडव, एखादी विहीर, एवढी वाडी. ती विकत घ्यायची असेल, तर पाहायला जावं ऑगस्टअखेरीस. पाऊस तिथे हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. त्या दिवसांत विहिरीला पाणी असेल, तरच व्यवहाराचं बोलावं.

पाण्याहून मोठी काळजी वणव्याची. जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांद भागातल्या वणव्यात ६६ माणसं गेली. त्यांतली बरीचशी मोटारींतून जीव वाचवायला निघालेली. रानालगतच्या घराभोवतीची ५० मीटरपर्यंतची झुडपं दरवर्षी उन्हाळ्याआधी काढणं कायद्यानं बंधनकारक आहे. नव्यानं आलेल्यांनी हे काम आधी शिकावं, भाजीचे वाफे नंतर. आणि काढलेला पाला मनाला येईल तेव्हा पेटवता येत नाही, भर उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्ह उतरवतात. झाडाखाली जाळी अंथरून काठीनं फळं झोडायची आणि तेलाच्या घाण्यावर न्यायची. या कामाला शेजारी एकमेकांकडे जातात. नव्या माणसानं बोलावण्याची वाट पाहू नये. गावाशी खरी ओळख तिथेच होते.