युरिया : नाव आलं कुठून?



युरियाची गोणी आपल्या ओळखीची. पण हे नाव आलं कुठून? ग्रीक भाषेत मूत्राला 'ऊरॉन' म्हणत. त्यावरून 'युरिया' हे नाव पडलं. कारणही तसंच आहे. १७७३ साली रुएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ मूत्रातूनच वेगळा काढला. पुढे १८२८ साली व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने तो मूत्राशिवाय, प्रयोगशाळेत तयार केला. आता तो कारखान्यात बनतो.

म्हणजे गोणीतला युरिया आणि गोमूत्रातला युरिया एकच. आणि दोघांची खोडही एकच! सकाळी गोठ्यात शिरलं की नाकाला झोंबणारा वास येतो ना? तो अमोनिया वायू. मूत्रातल्या युरियाचं नत्र तसं हवेत उडून जात असतं. रानात उघड्यावर फोकलेल्या युरियाचंही तेच होतं. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतं. पैसे मोजायचे आपण, आणि नत्र जायचं वाऱ्यावर!

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने, वाफशावर द्या आणि लगेच कोळपून मातीआड करा. दोन, गोठ्यात पालापाचोळा किंवा सुकी माती पसरून मूत्र त्यात जिरवा. ते रोज खतखड्ड्यात टाकून वर मातीचा थर द्या.

मूत्राचं नाव लावणारं हे खत मातीआड राहिलं, तरच पिकाच्या मुखी लागतं.