घाटात साइट का अडकते? एचटीटीपी/१.१ ते एचटीटीपी/३

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण सुरुवात आत्यापासून करतो.

माझ्या आत्याचा कोकणात होमस्टे आहे. चार खोल्या, मागे नारळाची बाग. मी इंजिनिअर म्हटल्यावर साइट बनवायचं काम माझ्याकडेच आलं. पुण्यात घरच्या फायबरवर साइट खटकन उघडायची. मी खूश. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आत्या बोलता बोलता म्हणाली, "अरे, तीन-चार जणांचे फोन आले होते. घाटातून साइट उघडतच नाही म्हणाले. मग दुसरीकडे गेले. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

वाईट वाटलंच. कारण चूक माझी होती. मी साइट तपासली ती घरच्या वाय-फायवर, आणि गिऱ्हाईक होतं कुंभार्ली घाटात, गाडीत, सिग्नलच्या एका काडीवर.

तर आज बघूया की साइट मागवायचे नियम, म्हणजे एचटीटीपी, कसे बदलत गेले आणि त्याचा फायदा नक्की कोणाला होतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नेट फास्ट म्हणजे एमबीपीएस जास्त, असं आपण समजतो. पण साइट उघडताना त्याहून महत्त्वाचा असतो फेरीचा वेळ. तुमच्या फोनने विचारलं आणि सर्व्हरचं उत्तर परत आलं, ही एक फेरी. माझं स्वस्तातलं होस्टिंग अमेरिकेत होतं. तिथे जाऊन यायला २०० मिलिसेकंद धरा. प्रकाशालासुद्धा फायबरमधून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटरच जाता येतं, त्यामुळे प्लॅन कितीही महाग घेतला तरी हे अंतर काही कमी होत नाही. कमी करता येतात त्या फेऱ्या. नव्या प्रोटोकॉलचं सगळं राजकारण इथेच आहे.

पहिला, एचटीटीपी/१.१. जानेवारी १९९७ चा. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठा! यात एका कनेक्शनवर एका वेळी एकच गोष्ट मागता येते, व्यवहारात तरी. एक फोटो मागा, तो येऊ द्या, मग पुढचा. म्हणून ब्राउझर एका साइटला साधारण ६ कनेक्शन उघडतात. आत्याच्या साइटवर ४० छोटे फोटो होते. सहा आत, बाकी चौतीस रांगेत.

दुसरा, एचटीटीपी/२, मे २०१५ चा. गूगलने २००९ मध्ये स्पीडी नावाचा प्रयोग जाहीर केला होता, त्यातून हा आला. यात कनेक्शन एकच, पण त्यावर चाळीसच्या चाळीस फोटो एकदम मागता येतात. प्रत्येकाचे तुकडे होतात, तुकड्यांवर नंबर असतो, ते एकमेकांत मिसळून येतात आणि फोनमध्ये परत जुळतात. दर वेळी पाठवावी लागणारी तीच ती माहिती, म्हणजे हेडर, तीही दाबून लहान करून जाते.

मी सर्व्हरवर एचटीटीपी/२ चालू केलं. पुण्यात मस्त. घाटात? जवळपास तसंच. का बरं?

कारण एचटीटीपी/२ च्या खाली बसलाय टीसीपी. त्याचं मूळ स्टँडर्ड १९८१ चं. टीसीपी म्हणजे गोदामाच्या दारावरचा कडक रखवालदार समजा. ट्रक नंबरानेच आत सोडणार. १७ नंबरचा ट्रक घाटात बंद पडला, आणि १८, १९, २० दारात येऊन उभे आहेत. तरी हा म्हणणार, "१७ येऊ दे, मग बघू." आता १७ मध्ये बागेच्या फोटोचा तुकडा होता आणि १८ मध्ये खोल्यांचे दर, म्हणजे दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी सगळे थांबले. याला म्हणतात हेड-ऑफ-लाइन ब्लॉकिंग. चांगल्या नेटवर तुकडे क्वचित हरवतात, म्हणून पुण्यात मला हे कधी दिसलंच नाही.

तिसरा, एचटीटीपी/३. यात टीसीपीलाच बाजूला केलं. त्याजागी आला क्विक. गूगलमध्ये जिम रोस्किंड यांनी २०१२ मध्ये त्याची मूळ रचना केली. मे २०२१ मध्ये क्विकचं स्टँडर्ड आलं, आणि जून २०२२ मध्ये एचटीटीपी/३ चं. क्विक चालतो यूडीपीवर, आणि क्रमाचा हिशोब प्रत्येक फाइलचा वेगळा ठेवतो. बागेचा तुकडा हरवला तर फक्त बागेचा फोटो थांबेल. दर दिसतील, फोन नंबर दिसेल.

शिवाय फेऱ्या वाचतात. टीसीपीमध्ये आधी "हॅलो, ऐकू येतंय का?" अशी एक फेरी. मग सुरक्षेच्या कुलूपकिल्लीसाठी जुन्या टीएलएस १.२ मध्ये आणखी दोन. म्हणजे २०० च्या हिशोबाने ६०० मिलिसेकंद गेले, आणि अजून आपण काही मागितलेलंच नाही! टीएलएस १.३ ने त्यातली एक फेरी कमी केली. क्विक हॅलो आणि कुलूप दोन्ही एकाच फेरीत उरकतो. ओळखीच्या सर्व्हरकडे परत गेलात तर पहिल्याच निरोपात मागणीही पाठवता येते. मात्र असा निरोप कोणी पकडून पुन्हा पाठवू शकतो, म्हणून पैशांच्या व्यवहाराला ही सोय वापरायची नसते.

अजून एक गंमत. घरातून बाहेर पडलात, वाय-फाय सुटलं, मोबाइल डेटा लागला. तुमचा पत्ता बदलला, की टीसीपीचं कनेक्शन तुटतं. क्विकमध्ये कनेक्शनला स्वतःचा ओळख नंबर असतो, त्यामुळे पत्ता बदलूनही तेच कनेक्शन पुढे चालू शकतं. अर्थात, ब्राउझर आणि सर्व्हर दोघांनी ही सोय वापरली तर.

मग एचटीटीपी/३ लावलं की झालं? नाही ना! काही ऑफिसांच्या नेटवर यूडीपी अडवलेलं असतं, तिथे ब्राउझर गुपचूप एचटीटीपी/२ वर येतो. आणि खरी लाज तर पुढे आहे. साइट उघडून नीट बघितली तेव्हा सापडलं की सगळ्यात वरचा बागेचा फोटो ४ एमबीचा होता. मीच टाकलेला, कॅमेऱ्यातून थेट! प्रोटोकॉल वाट बघणं कमी करतो, सामानाचं वजन नाही. तो फोटो लहान केला, खालचे फोटो स्क्रोल केल्यावरच येतील असं केलं, आणि साइट अशा सीडीएनवर टाकली जिचा सर्व्हर मुंबईत आहे आणि जिथे एचटीटीपी/३ चालतं. यातल्या कशाने किती फरक पडला हे मी वेगवेगळं मोजलं नाही. सगळ्यांचा मिळून पडला.

तुम्हाला बघायचं असेल तर लॅपटॉपवर क्रोम उघडा, डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅबवर जा, कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करून प्रोटोकॉल निवडा आणि पेज रिफ्रेश करा. एच२ की एच३, लगेच कळेल. पहिल्या वेळी एच२ आणि नंतर एच३ दिसलं तर गोंधळू नका. बरेचदा सर्व्हर पहिल्या भेटीत सांगतो की मला एच३ पण येतं, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो.

आणि साइट बनवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एवढंच करा. तुमची साइट एकदा एसटीत बसून उघडा. ज्याचं नेट चांगलं आहे त्याचं काम जुन्या प्रोटोकॉलवरही भागत होतं. हा सगळा खटाटोप आहे तो ज्याचं नेट वाईट आहे त्याच्यासाठी.

गेल्या मे महिन्यात आत्याचा फोन आला. म्हणाली, "घाटातून एकांनी फोन केला होता. साइट बघितली म्हणाले, आणि विचारत होते सुरमई मिळेल का."

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत तुमची कुठली साइट कुठे अडकते ते मला नक्की कळवा!