कुंपणापलीकडचं ऊन

उर्दूत शेजाऱ्याला 'हमसाया' म्हणतात. शब्द मूळचा फारसी. 'हम' म्हणजे एकच, सामाईक, आणि 'साया' म्हणजे सावली. एका सावलीत राहणारे ते हमसाये. ऊन तापतं त्या मुलखात सावली ही वाटून घ्यायची दौलत असते. शेजारच्या आंब्याची फांदी आपल्या अंगणावर आली तर आपण पाचोळ्याबद्दल कुरकुरतो, पण खाट त्याच फांदीखाली टाकतो. आज मात्र मला एका अशा देशाबद्दल बोलायचं आहे, जिथे शेजाऱ्याच्या झाडाची सावली अंगावर येते म्हणून भांडणं होतात, आणि ती नगरपालिकेला सोडवावी लागतात. तो देश इंग्लंड.

लेकीकडे किंवा मुलाकडे तिकडे चार महिने राहून आलेल्यांना हे लगेच पटेल. रांगेतली घरं, मागे लांबट बाग, दोन बागांमध्ये कुंपण. डिसेंबरात लंडनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि दिवसभर असतो तोही दक्षिणेला, क्षितिजापासून फारसा वर नाही. त्यामुळे थोडी उंच झाडीसुद्धा लांबलचक सावली टाकते. दिवसभर घरात बसून असलेल्या म्हाताऱ्या माणसाला खिडकीतून येणारं तासभराचं ऊन किती मोलाचं वाटत असेल, याचा विचार करा.

या भांडणांतला मुख्य आरोपी एक झाड आहे. त्याचं नाव लेलँडी सायप्रस. सायप्रस म्हणजे आपल्या शायरीतला सरू. प्रेयसीच्या उंच, सडपातळ बांध्याला फारसी-उर्दू कवी शतकानुशतकं ज्याची उपमा देत आले, त्याच्याच कुळातलं हे झाड. १८८८ साली वेल्समधल्या लेटन हॉल या इस्टेटीवर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या दोन जातींचा संकर होऊन ते जन्माला आलं. मूळ मुलखात या दोन जाती एकमेकींपासून शेकडो मैल दूर वाढतात. एका बागेत त्या शेजारी लावल्या गेल्या आणि त्यातून हे दांडगं पोर झालं! ते वर्षाला जवळजवळ एक मीटर वाढतं, बाराही महिने हिरवं राहतं आणि मोकळं सोडलं तर शंभर फुटांवर जातं. आडोसा झटपट हवा असणाऱ्यांनी ते रांगेनं लावलं. पाच-सात वर्षांत कुंपणाची भिंत झाली आणि भिंतीपलीकडच्या घरात दुपारीही दिवे लागू लागले.

यावर कायद्यात उपाय काय होता? आपल्या हद्दीत आलेली फांदी हद्दीपर्यंत छाटायचा हक्क तिकडे जुना आहे. पण झाड सरळ वर गेलं तर? त्याला कोणी काही म्हणू शकत नव्हतं. मग बोलणं बंद व्हायचं, वकिलांच्या नोटिसा निघायच्या, रात्री कुणीतरी मुळांत विष ओतायचं. २००३ साली लिंकन शहरात कुंपणाच्या अशाच वादातून एका माणसाचा शेजाऱ्यानं गोळी घालून जीव घेतला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. माणसाची धाव कुंपण ओलांडून किती पुढे जाते, ते या घटनेतून दिसलं.

त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश संसदेनं समाजविघातक वर्तनाबद्दलचा एक कायदा केला आणि त्याचा आठवा भाग उंच कुंपणांना दिला. इंग्लंडमध्ये तो भाग १ जून २००५ पासून लागू झाला. उत्तर आयर्लंडनं २०११ मध्ये आणि स्कॉटलंडनं २०१३ मध्ये आपापले वेगळे कायदे केले.

इंग्लंडच्या कायद्यातली उंच कुंपणाची व्याख्या नेमकी आहे. ओळीनं लावलेली, मुख्यतः सदाहरित अशी दोन किंवा अधिक झाडं, जमिनीपासून दोन मीटरपेक्षा उंच, म्हणजे साधारण साडेसहा फुटांवर, आणि उजेड किंवा वाट अडवणारी. एकटं झाड यात बसत नाही. मुळांची तक्रार यात चालत नाही. आणि एक मोठा गैरसमज असा की, दोन मीटरपेक्षा उंच कुंपण बेकायदा आहे. तसं मुळीच नाही. ते कितीही वाढवा, कोणी तक्रार करीपर्यंत नगरपालिका फिरकणारही नाही.

तक्रार करायची तर पहिली अट अशी की, भांडण आपसांत मिटवण्याचे सगळे वाजवी प्रयत्न आधी झालेले असले पाहिजेत. शेजाऱ्याशी बोललात का? पत्र पाठवलंत का? मध्यस्थ घालून पाहिलात का? याचा पुरावा नगरपालिका मागते. तो नसेल तर ती तक्रार दाखल करून घ्यायला नकार देऊ शकते. दुसरी गोष्ट म्हणजे फी. ती प्रत्येक नगरपालिका स्वतः ठरवते. पुष्कळ ठिकाणी ती काही शे पौंड असते, आणि ती भरतो तक्रार करणारा.

मग अधिकारी टेप घेऊन येतो. उजेड मोजायचं एक गणितही मार्गदर्शनासाठी केलेलं आहे. समजा, बाग बारा मीटर लांब आहे आणि कुंपण तिच्या दक्षिण टोकाला आहे. मग लांबीला पाव या आकड्यानं गुणायचं, उत्तर तीन मीटर. त्याहून उंच कुंपण उजेड अडवतं असं धरायचं. तेच कुंपण उत्तरेला असेल तर गुणायचा आकडा ०.६५, म्हणजे पावणेआठ मीटरपर्यंत चिंता नाही. पण निकाल नुसत्या गणितावर लागत नाही. कुंपणवाल्याला आडोसा हवा असतो, तोही अधिकारी विचारात घेतो. परिसराची शोभा पाहतो. पक्ष्यांची घरटी असतील तर छाटणी विणीचा हंगाम टाळून करायला सांगतो.

तक्रार खरी ठरली तर नोटीस निघते. इतक्या मुदतीत इतक्या उंचीपर्यंत छाटा आणि पुढेही तेवढंच ठेवा. पण कुंपण दोन मीटरच्या खाली आणा किंवा उपटून टाका, असा हुकूम नगरपालिकेला देता येत नाही. निकाल न पटणाऱ्याला अठ्ठावीस दिवसांत अपील करता येतं. नोटीस धाब्यावर बसवली तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होतो. नगरपालिका स्वतः माणसं पाठवून छाटणी करू शकते आणि खर्च मालकाकडून वसूल करू शकते. घर विकलं तरी नोटीस सुटत नाही. ती नव्या मालकाला लागू होते.

मला या कायद्यात एक शहाणपण दिसतं. चांगला शेजारी कोण आणि वाईट कोण, हे तो ठरवत नाही. तो कुंपण मोजतो. दोन माणसांमधला राग फुटपट्टीवर आणला की निदान त्याला हद्द तरी पडते. पण त्याची मर्यादाही तिथेच आहे. नोटिशीनं ऊन परत मिळतं, शेजारी परत मिळत नाही. म्हणूनच कायदा करणाऱ्यांनी बोलण्याची अट आधी घातली आणि नगरपालिकेचा दरवाजा शेवटी ठेवला, असं मला वाटतं.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रूपात आहेत. आपल्या शहरांत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं वृक्ष प्राधिकरण आलं. शेजारच्या झाडाची तक्रार तिथे जाते, पण त्या कायद्याला काळजी झाडाची आहे, आणि ते योग्यच आहे. खेड्यात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटेचे, कुंपणाचे तंटे गावच्या समितीसमोर आणून आपसांत मिटवायचे, असा तिचा बेत. तिथे फुटपट्टीपेक्षा दोघांचा होकार महत्त्वाचा. तिकडची पद्धत न्याय देते, पण समेट तिच्या हातात नाही. इकडची समेट घडवते, पण कधीकधी गावाच्या दडपणाखाली दुबळ्याला 'जाऊ दे' म्हणायला लावू शकते. दोघांनी एकमेकांकडून थोडं शिकावं.

तोवर तुमच्या-माझ्यासाठी एवढंच. मेंदी, शेर, निवडुंग, जे काही कुंपणाला लावाल ते लावताना शेजाऱ्याला एकदा विचारा, "ऊन अडणार नाही ना तुमचं?" रोप वीतभर असताना हे विचारायला काही फी पडत नाही.