मगनदीपापासून सोया मेणबत्तीपर्यंत

(वर्धा जिल्ह्यातील महिला बचत गटांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिव्याच्या तेलाचा पैसा कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. डिसेंबर 1934 मध्ये याच नगरीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि वास्तू त्यासाठी दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. संघाचे सचिव जे. सी. कुमारप्पा हे अर्थशास्त्राचे पंडित होते. पण त्यांचे अर्थशास्त्र गावातल्या घाणीपासून सुरू होत असे. कंदिलात रॉकेल जळते तेव्हा गावाचा पैसा बाहेर जातो. तोच कंदील गावच्या तेलावर पेटला, तर शेतकऱ्याला दाम, तेल्याला काम आणि बैलाला पेंड मिळते. या विचारातून वनस्पती तेलावर चालणारा ‘मगनदीप’ तयार झाला. झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली ‘वर्धा घाणी’ही याच भूमीतली.

आज घरोघरी वीज आहे. मेणबत्ती आता अंधार घालवण्याची वस्तू राहिली नसून ती सणाची, भेटीची आणि सुगंधाची वस्तू झाली आहे. शहरांतून सोया मेणाच्या मेणबत्तीला मागणी आहे आणि वर्धा जिल्हा तर सोयाबीन पिकवणारा. मग हा उद्योग आपल्याच घरी का होऊ नये, असे अनेक भगिनींना वाटते. ही आकांक्षा योग्यच आहे; परंतु घरची गुंतवणूक पणाला लावण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्टपणे समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे सोया मेण घरी तयार होत नाही. सोयाबीनमध्ये तेल असते सुमारे 18 ते 20 टक्के. एवढ्या अल्प प्रमाणामुळे ते मुख्यतः मोठ्या कारखान्यांत द्रावकाच्या साहाय्याने काढले जाते. त्या तेलावर दाबाखाली, निकेलसारख्या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजनची प्रक्रिया केली की ते घट्ट होऊन मेण बनते. वनस्पती तूप तयार करण्याची रीत हीच. म्हणजे आपल्या शेतातील दाणा आणि आपल्या हातातील मेण यांच्यामध्ये कारखाना उभा आहे. बाजारातले मेण परदेशातूनही आलेले असू शकते. म्हणून विक्रेत्याकडून उगमाची खात्री केल्याशिवाय वेष्टनावर ‘वर्ध्याच्या सोयाबीनपासून’ असे छापणे सत्याला धरून होणार नाही. स्वदेशीचा पहिला नियम सचोटी हा आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एक क्विंटल सोयाबीनमधून 18 किलो तेल निघाले आणि त्याचे जवळपास तेवढेच मेण झाले, असे धरू. प्रत्येकी 150 ग्रॅमच्या 120 मेणबत्त्या त्यातून होतील. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये असताना बाजारात त्याहून कमी दराने विकण्याची वेळ शेतकऱ्यांवर आली. 2025-26 साठी हमीभाव 5,328 रुपये ठरला. आता समजा, मेण, वात, सुगंध, काचेचे भांडे, वेष्टन, इंधन, वाहतूक आणि फुटतूट वजा जाता एका मेणबत्तीमागे 30 रुपये मजुरी उरली, तर 120 नगांमागे 3,600 रुपये घरात राहतील. ही रक्कम दाण्यातून नव्हे, तर हाताच्या कौशल्यातून आलेली असेल. मात्र आपल्या श्रमाचे मोल शून्य धरून किंमत लावणारी भगिनी नफा कमावत नाही. ती ग्राहकाला स्वतःचे श्रम फुकट देते.

आता कृती. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून ते वितळवावे आणि तापमापक वापरावा. साधारण 80 ते 85 अंशांवर वजनाच्या सहा टक्के, म्हणजे 150 ग्रॅमला 9 ग्रॅम सुगंध मिसळून सावकाश ढवळावे. पुढे 55 ते 60 अंशांपर्यंत निवल्यावर कोरड्या, कोमट भांड्यात ओतावे. प्रत्येक मेणाचे आकडे थोडे वेगळे असतात. त्यामुळे उत्पादकाची सूचना प्रमाण मानावी. सुगंध मुरण्यासाठी एक ते दोन आठवडे द्यावेत. पृष्ठावर पांढरट बुरशीसारखी छटा आली तर घाबरू नये; तो सोया मेणाचा स्वभावच आहे. मेणाने पेट घेतलाच तर पाणी मुळीच ओतू नये. गॅस बंद करून भांड्यावर झाकण टाकावे.

मेणबत्तीचा प्राण वातीत असतो. वात बारीक असली तर मध्ये खड्डा पडून कडेचे मेण तसेच राहते; जाड असली तर ज्योत मोठी होते, काजळी धरते आणि काच तापते. म्हणून विक्रीपूर्वी प्रत्येक आकाराच्या भांड्यात दोन-तीन जाडीच्या वाती जाळून पाहाव्यात व नोंद ठेवावी. ‘धूर मुळीच नाही’ असा दावा करू नये. सोया मेणाची ज्योतही ज्योतच आहे.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे, ती उन्हाळ्याची. भांड्यात ओतायचे सोया मेण साधारण 50 अंशांच्या आसपास वितळते आणि मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. बंद टेम्पोत माल मऊ पडून बिघडणारच. तेव्हा हा व्यवसाय ऋतूप्रमाणे आखावा. पावसाळ्यात चाचण्या, दिवाळीपूर्वी उत्पादन, हिवाळ्यात लग्नसराईची विक्री आणि उन्हाळ्यात मोठा साठा नाही. ‘उद्यम’ नोंदणी निःशुल्क आहे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत असावी.

एक प्रश्न मात्र टाळता येणार नाही. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग आयात करतो. अशा देशात खाण्यायोग्य तेल सुगंधासाठी जाळावे काय? कुमारप्पांनी हा प्रश्न निश्चितच विचारला असता. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, हा उद्योग गावाच्या अर्थकारणाचा कणा होऊ शकत नाही. तो पूरक व्यवसाय आहे. दहा घरांत हंगामी उत्पन्न आणि त्याहून मोलाची, म्हणजे मोजमाप, नोंद, किंमत आणि दर्जा यांची शिस्त तो देऊ शकतो. ती शिस्त एकदा अंगी बाणली की उद्या तेच हात घाणीचे तेल, डाळ, हळद यांचाही व्यवसाय उभारतील. त्या वस्तूंचा दाणा आणि प्रक्रिया दोन्ही गावातच राहू शकतात. मगनवाडीत आजही महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था ग्रामोद्योगांसाठी संशोधनाचे काम करते. तिचे दार आपल्यापासून दूर नाही.

म्हणून आरंभ बारा मेणबत्त्यांनी करावा. त्यांतल्या सहा स्वतः जाळून पाहाव्यात, सहा परिचितांना द्याव्यात आणि त्यांचे परखड मत वहीत लिहावे. कर्ज काढण्याचा विचार त्यानंतर. मगनदीपाने गावाला उजेडाबरोबर हिशेबही शिकवला होता. तो हिशेब घराघरांत पुन्हा सुरू झाला, तर या छोट्या ज्योतीचे सार्थक होईल.