बुजऱ्या कुत्र्याचें दत्तकविधान

कुत्रें पाळावयाचें म्हटलें कीं शहरांतील बहुतेक घरांत पिलाचीच मागणी होते. चार-पांच वर्षांचें, माणूस दिसतांच पलंगाखालीं दडणारें कुत्रें कोण घेणार? तरीहि अशीं कुत्रीं घेणारीं कुटुंबें मुंबई-पुण्यांत आहेत. आणि पुष्कळदां तीं त्यांना मिळतात तीं पांजरपोळांतून नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्या तरी बिऱ्हाडांतून.

कांहीं प्राणिसेवक मंडळ्या सुटका केलेलें जनावर पिंजऱ्यांत न ठेवतां कांहीं आठवडे वा महिने एखाद्या कुटुंबाकडे सांभाळावयास देतात. पिंजऱ्यांत भित्रें कोण आणि नुसतें त्रासलेलें कोण, हें ओळखणें कठीण. घरांत तें आपोआप कळतें. कुकरच्या शिटीनें तें थरथरतें काय, जिना चढतें काय, छत्री उघडतांच कोठें पळतें, हें त्या मध्यंतरींच्या बिऱ्हाडास ठाऊक असतें. म्हणून घेणाऱ्यानें 'स्वभावानें चांगलें आहे ना?' असें विचारूं नये, 'कशाकशाला भितें?' असें विचारावें.

भित्रें कुत्रें पाहिलें कीं 'बिचाऱ्याला फार मारलें असेल' असा उद्गार निघतो. तसें असेलहि, पण नेहमींच नव्हे. अमेरिकेंत फ्रीडमन, किंग व इलियट या संशोधकांनीं कांहीं पिलें माणसांच्या सहवासावांचून वाढविलीं. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटला नाहीं, तीं पुढें माणसाजवळ येईनात, असें त्यांनीं 1961 सालीं प्रसिद्ध केलें. त्यांना कोणीं मारलें नव्हतें. त्यांची ओळखच राहून गेली होती. राहून गेलेली ओळख मोठेपणीं करून देतां येते, परंतु फार सावकाश.

नवें कुत्रें आलें कीं शेजारीपाजारी पाहावयास जमतात. त्यांना महिनाभर न बोलावणें हेंच खरें स्वागत. एक शांत कोपरा द्यावा, ताटली ठेवून दूर व्हावें, त्याच्याकडे टक लावूं नये, डोक्यावरून हात नेऊं नये. कित्येक कुत्रीं पहिले कांहीं दिवस घरचीं माणसें निजल्यावरच जेवतात. गुरगुरल्याबद्दल शिक्षा तर मुळींच करूं नये. गुरगुरणें ही सूचना आहे, आणि ती दाबली तर पुढें सूचनेवांचून चावा बसतो.

मोठा धोका उघड्या दाराचा. भेदरलेलें कुत्रें निसटलें तर ओळखीच्या हांकेलाहि थांबत नाहीं. म्हणून बाहेर नेतांना गळपट्टा आणि छातीचा पट्टा अशा दोहोंना वेगळी दोरी असावी. दिवाळींत तर बाहेर नेणें फटाके सुरू होण्यापूर्वींच उरकावें. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याच्या कानास खांच असली, तर त्याची नसबंदी झालेली आहे असें समजावें. रेबीजची लस मात्र पशुवैद्यास विचारून वेळेवर पुन्हां टोंचावी लागते.

इतकें करूनहि कधीं जमत नाहीं. अशा वेळीं कुत्रें मध्यंतरींच्या बिऱ्हाडीं परत पोंचविण्यांत कमीपणा नाहीं. तें रस्त्यावर उपाशी सोडून देणें मात्र 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हा आहे.

आणि जमतें तेव्हां तें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. पाहुण्यांना तें जन्मभर बुजेल कदाचित्. पण एके दुपारीं घरांतील बाई वर्तमानपत्र वाचीत बसलेली असते, आणि पलंगाखालचें तें जनावर बाहेर येऊन खोलीच्या मधोमध, भिंतीचा आधार न घेतां, कुशीवर पाय पसरून झोंपी जातें.